आधी पाण्याचा जग मागवा: पुण्यात नव्याने ‘बसणाऱ्यांसाठी’

माझा भाचा लातूरहून हिंजवडीत नोकरीला आला. वय सव्वीस. दोन महिन्यांनी एका रविवारी जेवायला आला, तेव्हा ताईचा फोन होऊन गेल्यावर हळूच म्हणाला, “मामा, टीममधली मुलं दर शुक्रवारी म्हणतात, बसायचं का? मी जातो, पण मेन्यूकार्डातलं मला काहीच कळत नाही. शेजारचा जे मागवतो तेच मागवतो.” मला त्याच्या पिण्यापेक्षा या ‘शेजारचा मागवतो तेच’ची काळजी जास्त वाटली. पुढच्या शनिवारी मी त्याला डेक्कनजवळच्या एका जुन्या परमिट रूममध्ये घेऊन गेलो. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. पुण्यात असे भाचे-भाच्या पुष्कळ आहेत.

एक आधीच सांगतो. पीत नसाल तर हे वाचून सुरू करू नका. दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. गरोदरपणात, लिव्हरचा त्रास असताना, झोपेच्या किंवा काही अँटिबायोटिक गोळ्या चालू असताना तर अजिबातच नको. ज्यांचं ठरलेलंच आहे, त्यांनी नीट प्यावी, एवढ्यासाठी हे सगळं.

पहिली पायरी: वय, परवाना, वार

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांसाठी २५. पुण्यात नोकरीला लागणारी बरीच मुलं बावीस-तेविशीतली असतात, त्यामुळे हा फरक लक्षात ठेवा. शिवाय कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना लागतो. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही वेगळ्या नावाने लागू आहे. ‘परमिट रूम’ हे पाटीवरचं नाव त्याच दिवसांतलं. राज्य उत्पादन शुल्क विभाग एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे परवाने देतो. नेहमी घरी बाटली आणणार असाल तर आजीवन परवाना काढून मोकळे व्हा.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला दुकानं बंद. मतदानाच्या काळातही बंद. गणपतीत, विशेषतः विसर्जनाला, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, तो बातम्यांत बघून ठेवायचा. आणि आषाढी अमावस्येनंतर अर्धा ग्रुप अचानक फ्रेश लाइम सोड्यावर आलेला दिसला तर गोंधळू नका. श्रावण लागलेला असतो. बरेच जण गणपती होईपर्यंत पाळतात. त्या दिवसांत कुणाला ‘एकाने काय होतंय’ म्हणू नये.

दुसरी पायरी: पोटात काहीतरी, मग मापं

बसायच्या तासभर आधी खाऊन घ्या. पोळी-भाजी, अंड्याची भुर्जी, दहीभात, काहीही चालेल. रिकाम्या पोटी दारू झटकन आतड्यात उतरते आणि झटकन चढते. पोटात अन्न असलं की तोच वेग बराच मंदावतो.

मापं शिकायला पाच मिनिटं लागतात, पण ती न शिकता लोक वर्षानुवर्षं पितात. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६०, नाइन्टी म्हणजे ९०. क्वार्टर १८० मिलीची, तिलाच चपटी म्हणतात. हाफ ३७५ची आणि खंबा ७५०चा. बिअरची मोठी बाटली ६५० मिली, पिंट ३३०.

आता गणित. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे एका लार्जमध्ये निव्वळ अल्कोहोल साधारण २६ मिली. ६५०च्या माइल्ड बिअरमध्ये, ५ टक्के धरले तर, साडेबत्तीस मिली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ५२ मिली. म्हणजे ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने स्ट्राँगची एक बाटली संपवली की दोन लार्ज झाले. आणि आपलं लिव्हर तासाला साधारण १० मिलीच उरकतं. एक लार्ज पचायला अडीच तास लागतात. कॉफी पिऊन, अंघोळ करून किंवा खिडकीत उभं राहून हा वेग वाढत नाही.

हे गणित मला सव्विसाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पगारवाढीच्या दिवशी उपाशीपोटी तासाभरात स्ट्राँगच्या दोन बाटल्या प्यायलो. पुढचं मला आठवत नाही, रूममेटला आठवतं. तो रात्रभर जागा राहिला, मला पुनःपुन्हा कुशीवर वळवत बसला, कारण उताणं झोपलेल्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, हे त्याला माहीत होतं. तो नसता तर काय झालं असतं हा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून सांगतो: कुणी जास्त झालेला असेल तर त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. हाक मारून, हलवून तो उठत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर १०८ला फोन करा. घरी कळेल म्हणून थांबू नका.

तिसरी पायरी: टेबलावर पहिलं पाणी

वेटर आला की लोक कार्ड उघडतात. तुम्ही आधी पाणी मागवा. ‘बिसलेरी का साधं, थंड का नॉर्मल’ असं तो विचारेल. नॉर्मल सांगा. फार थंड पाण्याने चव बधिर होते. दारूच्या प्रत्येक ग्लासमागे पाण्याचा एक भरलेला ग्लास, ही एक सवय लागली तरी या लेखातलं निम्मं काम झालं.

पाणी दारूत किती घालायचं, हा खरा शिकण्याचा भाग. आमच्या शेजारी कोथरूडला एक काका राहतात, निवृत्त इंजिनिअर. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता गॅलरीत बसतात. टेबलावर पितळी तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र, मापाचा पेग-ग्लास, वाटीभर खारे शेंगदाणे. आधी मापाने ६० मिली व्हिस्की ओततात. ग्लास नाकाशी नेऊन थांबतात. अनामिका बुडवून दोन थेंब बाहेर शिंपडतात. मग तांब्यातून पाणी, ग्लासच्या कडेने, बारीक धारेने, रंग उसाच्या रसासारखा फिका होईपर्यंत. परत वास घेतात, आणि तेव्हा पहिला घोट. तो ग्लास आठ वाजेपर्यंत चालतो. मग दुसरा, आणि नऊला जेवण. मी त्यांना तिसरा घेताना पाहिलेलं नाही.

काकांचं हे ‘हाफ-हाफ’, म्हणजे जेवढी व्हिस्की तेवढंच पाणी, गावठी वाटेल, पण ते अगदी शास्त्राला धरून आहे. व्हिस्की बनवणाऱ्या कंपन्यांतले ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्कींचं मिश्रण ठरवणारी माणसं, नमुन्यांचा वास घेताना त्यात पाणी घालून अल्कोहोल साधारण २० टक्क्यांवर आणतात. कडक दारू नाकाला झोंबते आणि बाकीचे वास झाकते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत तेवढंच पाणी घातलं की ती २१.४ टक्क्यांची होते. म्हणजे गॅलरीतले काका आणि स्कॉटलंडमधला ब्लेंडर एकाच ठिकाणी पोचले. ‘नीट’, म्हणजे काहीही न मिसळता, पिणारा जास्त जाणकार असतो हा समज सोडून द्या. सोडा चालतो, पण बुडबुड्यांमुळे दारू लवकर चढते असं बऱ्याच जणांच्या अनुभवाला येतं आणि वासही दबतो. बर्फ दोनच खडे.

आता आवडीचं बोलू

रमपासून सुरू करतो, कारण माझा जीव रमवर आहे. रम होते उसाच्या मळीपासून, आणि आपण उसाच्या मुलखात राहतो. हंगामात बारामती-इंदापूरकडे गाडीने गेलात तर कारखान्याजवळ जो गोड-आंबट जड वास येतो, तो मळीचा. ग्लासातल्या काळ्या रममध्ये त्याच घराण्याची चव आहे. १९५४ साली आलेली ओल्ड मंक अजून घराघरांत आहे. बहुतेक जण ती कोला घालून घेतात. नवख्याला ते सोपं जातं, पण गोडाखाली रम किती गेली हे कळत नाही. त्याऐवजी डिसेंबरमध्ये, पुण्याचा पारा दहाच्या आसपास आला की असं करून बघा: जाड काचेच्या ग्लासात ६० मिली रम, चमचाभर किसलेला गूळ, दोन लवंगा, लिंबाची एक चकती. वरून १५० मिली गरम पाणी. पाणी उकळतं नको, खाली उतरवून तीन-चार मिनिटं थांबलेलं हवं. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उकळतं पाणी ओतलं की वाफ थेट नाकात जाते आणि ठसका लागतो. गूळ विरघळला की दोन्ही हातांत ग्लास धरून सावकाश प्यायचं. हे सर्दीवरचं औषध मात्र नाही. अंगाला ऊब वाटते ती कातडीजवळचं रक्त वाढल्यामुळे. प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं. म्हणून पिऊन गार वाऱ्यात गच्चीवर झोपू नये.

बिअरच्या बाबतीत पुणं भाग्यवान. ताजी, जागेवर गाळलेली बिअर आपल्या राज्यात आधी पुण्याने प्यायली. २००९ साली डूलालीची मायक्रोब्रूअरी इथे सुरू झाली, आणि नंतर मुंढवा, बाणेर, बालेवाडी, कोरेगाव पार्क या भागांत अशा बऱ्याच जागा उभ्या राहिल्या. तिथे गेलात की एकदम मोठा मग मागवू नका. छोट्या-छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो, तो मागवा आणि जीभ काय म्हणते ते ऐका. हेफेवायझन नावाच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं आणि लवंगही. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. बेल्जियन विटमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात, आणि फोडणीच्या घरात वाढलेल्या माणसाला ते धणे पहिल्याच घोटात ओळखू येतात. भाच्याला तीच आवडली. आंबटगोड हवं असेल तर सफरचंदाची सायडर घ्या. मधापासून बनणारं मीडही पुण्यात तयार होतं, मूनशाइन नावाने, एकदा तरी चाखण्यासारखं आहे.

बाटलीतली बिअर थंडगार आणि उन्हापासून लांब ठेवलेली हवी. बस, एवढंच.

वाइनला लोक उगाच घाबरतात. नाशिकची सुला सगळीकडे मिळते, आणि अकलूजकडची फ्रातेली आपल्याला जवळची. पुण्यात चूक होते ती ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला’ या पुस्तकी सल्ल्यामुळे. तो सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा, १६-१८ अंशांचा. एप्रिलमधल्या आपल्या स्वयंपाकघरात ३४ अंशांना तीच रेड नुसती झोंबते. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट तर चांगली गार हवी. तिखटाबरोबर तुरट रेड घेतली की मिरची दुप्पट लागते, म्हणून आपल्या जेवणाबरोबर शेनां ब्लाँसारखी किंचित गोडसर व्हाइट जास्त जमते. गरम कोथिंबीर वडी आणि गार शेनां ब्लाँ, हे मी पाहुण्यांना हमखास देतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, पुढे आंबट होते.

जिनवाल्यांसाठी घरचा एक प्रकार: ३० मिली जिन, दोन चमचे कोकम आगळ, चिमूटभर काळं मीठ, अर्धा चमचा साखर, बर्फ, वरून सोडा. उन्हाळ्यात याला तोड नाही. आगळ आधीच खारट असतं, म्हणून मीठ चव बघून.

फेणी प्यायची तर गोव्यात. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू-सोड्याबरोबर तिची मजा तिथेच आहे. गोव्याच्या बाटल्या परवान्याशिवाय गाडीत भरून आणणं गुन्हा आहे, आणि सीमेवर तपासणी होते. हातभट्टीला तर कुठल्याही कारणाने तोंड लावू नका. त्यात मिथेनॉल असलं तर आधी डोळे जातात, मग जीव. २०१५ साली मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभरावर माणसं गेली. वासावरून ते कुणालाच ओळखता येत नाही.

चखणा

चखण्याशिवाय बैठक नाही, पण चखण्याचंही एक तंत्र आहे. परमिट रूममध्ये बसल्या बसल्या काकडी, फरसाण किंवा उकडलेल्या चण्यांची बशी येते. सगळं खारट. मीठ पोटात गेलं की तहान लागते, आणि समोर ग्लास असतोच. तहान पाण्याने भागवा आणि दारू चवीसाठी ठेवा. खाण्यात थोडं भरीव असू द्या: उकडलेली अंडी मिरपूड घालून, पनीर, कलेजी फ्राय, चिकन सुकं, किंवा उकडलेल्या शेंगा. मसाला पापड आल्याबरोबर खायचा, पाच मिनिटांत तो कांदा-टोमॅटोच्या पाण्याने मऊ पडतो. घरी करणार असाल तर एकच सांगतो: कच्चे शेंगदाणे मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, निथळून कढईत मंद आचेवर भाजा, शेवटी हिंग आणि लाल तिखट. वास बाहेरच्या जिन्यापर्यंत जातो.

जेवणाची ऑर्डर मात्र वेळेत द्या. गप्पांच्या नादात किचन बंद होतं आणि माणसं उपाशी घरी जातात.

टेबलावरचे रिवाज

वेटर येऊन एकच शब्द म्हणतो, ‘रिपीट?’ आणि टेबलावरची सगळी डोकी एकदम हलतात. सगळ्यात जास्त दारू या एका शब्दाने जाते. तुमचा ग्लास संपला नसेल तर स्पष्ट सांगा, “माझं नको, मी सांगतो.” भाच्याने त्या दिवशी हे म्हणताना इकडेतिकडे बघितलं, पण म्हटलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

आपण आग्रह करणारी माणसं. पंगतीत जिलबीचा आग्रह शोभतो, बैठकीत दारूचा आग्रह शोभत नाही. समोरचा नको म्हणाला तर कारण विचारू नका. त्याच्या गोळ्या चालू असतील, घरात कुणी दारूने गेलेलं असेल, किंवा नुसतं नको असेल. त्याच्यापुढे सोलकढी किंवा जलजीरा ठेवा आणि चिअर्स म्हणताना त्याच्याही ग्लासला ग्लास लावा. मुलींनी घेतली काय, न घेतली काय, त्यावर शेरे मारू नका. आणि आपला ग्लास नजरेआड सोडून कुणीही उठू नये.

बिल टीटीएमएम, म्हणजे तू तुझं, मी माझं. न पिणाऱ्याकडून दारूचे पैसे काढणं अन्यायाचं आहे, त्याचा हिशेब आधीच वेगळा ठेवायला सांगा.

घरी बसणार असाल तर दहानंतर आवाज खाली. आणि गड, धरणाचा काठ, टेकडी या जागा पिण्यासाठी नाहीत. सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहेच, पण मला त्याहून जास्त लागतं ते वेगळं. सिंहगडाच्या वाटेवर काचा वेचताना मी शाळकरी मुलं पाहिली आहेत. पानशेत-खडकवासल्याच्या पाण्यात पिऊन उतरणं तर जिवावरचं काम.

घरी जायचं कसं, हे पहिल्या घोटाआधी ठरवा

रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही मर्यादा इतकी कमी आहे की एका लार्जनंतरही ती ओलांडलेली असू शकते. म्हणून ‘एकच घेतलाय, मी चालवतो’ हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये चालत नाही. मे २०२४मध्ये कल्याणीनगरला मध्यरात्री भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, तेव्हा हे शहर खूप दिवस झोपलं नव्हतं. दुचाकी घरी ठेवून या. रात्री उशिरा पीएमपीची बस मिळेल यावर विसंबू नका, कॅब किंवा रिक्षा धरा, दोघे-तिघे एका वाटेचे असाल तर एकत्र जा. पोचलो की ग्रुपवर ‘पोचलो’ लिहा. त्या एका शब्दाशिवाय मला झोप येत नाही.

सकाळ

झोपण्याआधी दोन ग्लास पाणी, आणि एक उशाशी. सकाळी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक, मग पोहे किंवा मऊ भात. डोकं दुखतंय म्हणून लगेच पॅरासिटामॉल घेऊ नका, ते आणि दारू दोन्ही लिव्हरवरच येतात. सकाळी पुन्हा एक घोट घेऊन ‘उतारा’ करायची पद्धत काही जण सांगतील. ऐकू नका, त्याने त्रास फक्त दुपारपर्यंत ढकलला जातो. आणि कधी सकाळी खरोखरच घोटाशिवाय हात थरथरायला लागले, तर डॉक्टरांकडे जा. रोजची दारू अशी एकदम तोडणंही धोक्याचं असतं, ते त्यांच्या देखरेखीखालीच करायचं.

भाच्याचा दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेआठला फोन आला. “मामा, डोकं ठीक आहे. त्या धण्याच्या बिअरचं नाव काय होतं?” विट, मी म्हटलं, आणि पाणी प्यायलास का ते विचारलं.